बागेतली आगगाडी : आधी जमीन, मग रूळ, शेवटी इंजिन

बहुतेकांची बागेतली रेल्वे इंजिनापासून सुरू होते. माझीही तशीच झाली. काळंकुळकुळीत, पितळी घुमटीचं, हातात घेतल्यावर मनगटाला वजन जाणवावं असं इंजिन घरी आणलं, खोक्यातलेच रूळ जोडून फरशीवर गोल गोल फिरवलं आणि पुढच्याच सुट्टीला सगळा बारदाना उचलून बागेत नेला. हिरवळीवर रूळ मांडले. पहिल्या फेरीत गाडी दोनदा घसरली, तिसऱ्यांदा जागच्या जागी चाकं फिरवत बसली. फरशीवर तासभर न कुरकुरता चाललेल्या इंजिनाला इथे काय झालं, म्हणून मी ते उलटंसुलटं करून पाहत होतो. इंजिन ठणठणीत होतं. हिरवळीखालची जमीन मात्र जागोजागी बोटभर खालीवर होती.

तेव्हापासून कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे : फावड्यापासून. बागेतली रेल्वे म्हणजे निम्म्याहून जास्त मातीकाम. घरातल्या टेबलावरच्या रेल्वेला पाऊस नसतो, ऊन नसतं, मुंग्या नसतात आणि टेबल खचत नाही. बाहेर हे सगळं असतं. म्हणून या लेखात कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिली आहेत, इंजिन निवडण्याच्या मोहाच्या क्रमाने नाही.

गेज एक, मापं अनेक

इंजिन शेवटी घ्यायचं असलं, तरी कुठल्या मापाचं घेणार हे आधी ठरवावं लागतं, कारण वळणं आणि बोगदे त्यावर अवलंबून असतात. खोक्यावर बागेतल्या मोठ्या गाड्यांचं ‘जी’ हे अक्षर दिसलं की सगळे ‘जी’वाले डबे एकमेकांना शोभतील असं वाटतं. पहिली फसगत इथेच होते. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. माप म्हणजे आपली गाडी खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याएवढी आहे ते. बागेतल्या बहुतेक गाड्या ४५ मि.मी. गेजवर धावतात, पण त्यांची मापं चार-पाच निघतात.

४५ मि.मी.चं हे गेज जुनं आहे. खेळण्यातल्या रेल्वेला ठरावीक गेज असावीत ही कल्पना मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मांडली, त्यातलंच हे ‘गेज वन’. १४३५ मि.मी.च्या खऱ्या स्टँडर्ड गेजची गाडी १:३२ मापाने लहान केली की ती या रुळांवर बरोबर बसते. पुढे १९६८ मध्ये न्यूरेम्बर्गच्या लेहमान कंपनीने एलजीबी या नावाने गाड्या आणल्या. त्यांनी रूळ तेच ठेवले, पण त्यावर डोंगरातल्या मीटर गेज गाड्या आणल्या. एक मीटर म्हणजे १००० मि.मी., भागिले २२.५, उत्तर साधारण ४४.४. म्हणून एलजीबीचं माप १:२२.५, आणि म्हणून तेवढ्याच रुळांवर तिची गाडी गेज वनपेक्षा बरीच धिप्पाड दिसते. अमेरिकी बनावटीच्या मोठ्या गाड्या पुष्कळदा १:२९ च्या असतात, तर तीन फुटी गेजच्या प्रतिकृती १:२०.३ च्या. शिवाय दोन फुटी गेजच्या गाड्यांसाठी, म्हणजे दार्जिलिंगच्या गाडीसारख्यांसाठी, ३२ मि.मी.चं वेगळं गेज आणि १:१९ हे माप चालतं.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. मी खिशात एक बाहुली बाळगतो. पावणेसहा फुटांच्या आतला, १७० सें.मी. उंचीचा माणूस १:२२.५ मध्ये साधारण साडेसात सें.मी. होतो, १:३२ मध्ये ५.३ आणि १:२०.३ मध्ये ८.४. साडेसात सें.मी.ची बाहुली डब्याच्या दाराशी उभी करायची. तिला वाकून आत शिरावं लागत असेल, तर तो डबा आपल्या मापाचा नाही. वापरलेल्या गाड्या विकत घेताना ही बाहुली फार उपयोगी पडते, कारण विकणाऱ्यालाही माप माहीत असतंच असं नाही.

नवख्यांना माझा सल्ला : ४५ मि.मी. गेज आणि १:२२.५ च्या मीटर गेज किंवा नॅरो गेज गाड्या. खऱ्या नॅरो गेजची इंजिनं आणि डबे आखूडच असत, कारण त्यांना डोंगरातली आवळलेली वळणं घ्यायची असत. त्यामुळे लहान बागेत त्यांची प्रतिकृती अवघडलेली दिसत नाही. लांबलचक एक्स्प्रेस मात्र लहान वळणावर पेटी तिरकी ठेवून जिना चढवल्यासारखी दिसते. आपण स्वतः बसून फिरू अशा पाच इंची किंवा सव्वासात इंची गेजच्या गाड्या हा वेगळाच संसार आहे. त्यात लेथ मशीन, वेल्डिंग आणि माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी येते, म्हणून तो इथे बाजूला ठेवू.

जमीन महिनाभर नुसती बघा

जागा ठरली असं वाटलं की लगेच खणू नका. बागेत पाण्याची जुनी नळी असेल तर ती रूळ समजून जमिनीवर अंथरा आणि काही दिवस तशीच राहू द्या. तिला अडखळता का? हिरवळ कापताना ती आड येते का? बसायच्या जागेवरून गाडी समोरून येताना दिसेल की फक्त बाजूने? नळी रोज दोन-चार फुटांनी सरकते आणि तिसऱ्या आठवड्यात कुठेतरी स्थिरावते. ती जागा बहुधा बरोबर असते.

या काळात एखादा जोराचा पाऊस झाला तर छत्री घेऊन बाहेर पडा. पाणी कुठे साचतं, छपराच्या पन्हळीचं पाणी कुठे पडतं, उतारावरची माती कुठून वाहते, हे कोरड्या दिवशी कितीही पाहिलं तरी कळत नाही. पाणी साचतं तिथे एकतर भराव घालावा लागेल किंवा मोरी ठेवावी लागेल. मोठ्या झाडाखालची सावली बसायला छान, पण रुळांवर पानं, फळं आणि पक्ष्यांची विष्ठा पडते, शिवाय मुळं दोन-तीन वर्षांत रूळ उचलतात. खणायच्या जागेखालून पाण्याचे पाइप आणि विजेच्या केबल कुठून गेल्यात तेही विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट तरुणपणी सुचत नाही. घसरलेला डबा प्रत्येक वेळी वाकून उचलायचा आहे. जमिनीलगतची रेल्वे सुरेख दिसते, पण फुटा-दीड फुटाच्या दगडी कट्ट्यावर उचललेली रेल्वे गुडघ्यांना मानवते आणि पाण्याचा प्रश्नही निम्मा सोडवते. रूळ कुठेही हात पोचेल इतक्या अंतरावर हवेत, म्हणजे काठापासून पाऊण मीटरच्या आत. बोगद्याला तोच नियम. दोन्ही टोकांनी हात घातल्यावर मधोमध बोटं भेटली पाहिजेत, नाहीतर छत उचलता आलं पाहिजे. गाडी बोगद्यात नेमकी मधोमधच अडकते.

वळणं आणि चढ

सुरुवातीच्या संचात मिळणारी वळणं बहुधा ६० सें.मी. त्रिज्येची असतात. बारा तुकड्यांचं वर्तुळ, साधारण सव्वा मीटर रुंदीच्या जागेत मावणारं. खोकं विकायला ते सोयीचं आहे, बागेत लावायला नाही. इतक्या आवळ वळणावर चाकाची कडा रुळाच्या आतल्या बाजूला घासत राहते, इंजिनाची ताकद त्यातच जाते आणि लांब डब्यांची टोकं रुळाबाहेर लोंबतात. जागा असेल तर कमीत कमी १.२ मीटर त्रिज्या धरा, दीड मीटर मिळाली तर उत्तम. खोक्यातली वळणं फेकू नका. मालधक्क्याच्या कोपऱ्यात, जिथे लहान इंजिन रांगत जाईल, तिथे ती कामाला येतात.

वळण आखायला खुंटी आणि दोरी पुरते. रूळ टाकल्यावर ते वळण सगळीकडे सारखं आलंय का, हे तपासायची रीत खऱ्या रेल्वेतले गँगमनही वापरतात. ६० सें.मी. लांबीची दोरी आतल्या बाजूने वळणाच्या दोन बिंदूंवर ताणून धरायची आणि मधोमध दोरीपासून रुळापर्यंतचं अंतर मोजायचं. दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, म्हणजे त्रिज्या. अंतर ३ सें.मी. आलं तर ३६०० भागिले २४, म्हणजे दीड मीटर. तेच एखाद्या जागी ४ सें.मी. आलं, तर तिथे त्रिज्या सुमारे ११२ सें.मी.वर उतरली आहे आणि गाडी एक दिवस नेमकी तिथेच पडणार.

डावं वळण संपताच उजवं सुरू करू नका. मध्ये आपल्या सगळ्यात लांब डब्याएवढा तरी सरळ रूळ हवा. नाहीतर शेजारच्या दोन डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना ओढली जातात आणि हलका डबा उचलला जातो.

चढाबाबत नवखे नेहमी उदार असतात. शंभराला दोन, म्हणजे मीटरमागे २ सें.मी., यापलीकडे जाऊ नका. दहा किलोची गाडी दोन टक्क्यांच्या चढावर चढवताना इंजिनाला २०० ग्रॅमचं जादा ओझं ओढावं लागतं, चार टक्क्यांवर ४००. त्यात वळणाचं घर्षण वेगळं. आता कागदावर सोपा वाटणारा ‘आठ’चा आकडा घ्या, ज्यात एक रूळ दुसऱ्यावरून पुलाने जातो. खालच्या गाडीची उंची आणि पुलाची जाडी धरून साधारण ३० सें.मी. उंची गाठायची, तर दोन टक्क्यांनी १५ मीटर चढ आणि पलीकडे १५ मीटर उतार. कागदावर हा आकडा दीड इंचात मावतो, म्हणूनच फसवतो.

चढ मोजायला महागडं काही लागत नाही. एक मीटर लांब सरळ लाकडी पट्टी घ्या, तिच्या एका टोकाखाली २ सें.मी. जाडीचा ठोकळा ठोका, वर पाणसळ बांधा. ठोकळ्याचं टोक उताराकडे ठेवून बुडबुडा मधोमध आला की चढ दोन टक्के. सपाटीवरून चढ सुरू होतो तिथे एकदम मोड येऊ देऊ नका. पहिल्या मीटरभरात तो हळूहळू वाढवा, नाहीतर इंजिनाचा पुढचा भाग रुळाला टेकेल किंवा डब्यांच्या कड्या सुटतील.

पहिला आराखडा साधा ठेवा : एक लांबट वळसा, त्यात गाड्या बाजूला घ्यायला एक जादा रूळ आणि एक बंद टोकाचा मालधक्का. दोन-तीन सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट, पुष्कळ झाले. जिथे गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलट्या तोंडाने परत येते, तशी रचना रुळातून वीज देणार असाल तर तूर्त टाळा. तिथे डावा रूळ फिरून उजव्या रुळाला भेटतो आणि शॉर्ट सर्किट होतं. त्यावर उपाय आहेत, पण पहिल्या वर्षी ते डोकं खातात.

पाया : इथे घाई नको

आता फावडं. आखलेल्या रेषेवर २० ते २५ सें.मी. रुंद आणि १० ते १२ सें.मी. खोल चर खणा. तळाची सैल माती काढून धुमसाने चोपा. चरात तण रोखणारं, पण पाणी झिरपू देणारं कापड अंथरा. साधा प्लॅस्टिकचा कागद घालू नका, त्यात पाणी साठून चराचं तळं होतं.

त्यावर खडी. इथे गोल गुळगुळीत गोटे टाकायचा मोह होतो, कारण ते शोभिवंत दिसतात. ते एकमेकांवरून घरंगळतात आणि रूळ कधीच स्थिर राहत नाही. क्रशरमधून निघालेली, टोकदार कडांची बारीक कच आणा, चुऱ्यासकट, सगळ्यात मोठा दाणा पाच-सहा मि.मी.चा. टोकं एकमेकांत रुततात, चुरा फटी भरतो आणि पाणी तरीही खाली जातं. खऱ्या रेल्वेच्या खडीलाही टोकं असतात ती याच कारणाने. पाच सें.मी.चा थर, पाणी शिंपडून चोपा, पुन्हा पाच सें.मी.चा थर, पुन्हा चोपा. शेवटचा थर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन सें.मी. वर यायला हवा, म्हणजे पाणी बाजूला ओघळेल. मग सगळं तसंच ठेवून जा. दोन-तीन चांगले पाऊस किंवा महिनाभर नळीचं पाणी मिळू द्या. जिथे खचायचं तिथे खचेल, तिथे पुन्हा भर घाला.

मी एकदा यातला सगळा त्रास वाचवायला सिमेंटची पट्टी ओतली होती. अगदी समतल, देखणी. तिच्यावर थंडीच्या दिवसांत रूळ स्क्रूने पक्के आवळले आणि स्वतःवर खूश झालो. उन्हाळ्यातल्या एका दुपारी बाहेर आलो तर बाहेरच्या वळणावर रूळ कमानीसारखे फुगून स्लीपरचे, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांचे, स्क्रू उपटून वर आलेले. दहा मीटर पितळी रूळ, थंडीच्या पहाटेपासून उन्हाच्या दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक धरला, तर जवळपास ७.६ मि.मी.ने वाढतो. त्याला कुठेतरी जायचंच असतं. सिमेंटची पट्टी वाईट नाही, पण तिच्यावरही रूळ मोकळे ठेवायला हवेत, थोडी कच पसरून किंवा सैल खिळ्यांनी. कचेत तरंगणारा रूळ स्वतःच थोडा सरकतो, वाढतो, आखडतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

रूळ

बाहेर ठेवायचे रूळ उन्हाला टिकणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्लीपरवर बसवलेले असतात. पितळी रूळ सगळ्यात प्रचलित आहेत : वीज चांगली नेतात, वाकवायला सोपे, पण काळे पडतात. स्टेनलेस स्टील कमी मळतं, मात्र वीज तितकी चांगली नेत नाही आणि कापताना हात दुखवतं. ॲल्युमिनियम स्वस्त आणि मऊ असतं. बॅटरी किंवा वाफेच्या गाड्यांना ते चालतं, त्याच्यावर चुकून पाय पडू देऊ नका इतकंच. रुळाची उंचीही पाहा. एलजीबीच्या मापाचे ८.४ मि.मी. उंचीचे रूळ जरा जाडजूड दिसतात, पण त्यांच्यावर माणूस उभा राहिला तरी निभावतं. बारीक रूळ दिसायला खरे वाटतात, पण पाया तितकाच नेमका मागतात.

तीस सें.मी.चे तुकडे टाळा. दहा मीटरमध्ये तेहतीस जोड होतात आणि प्रत्येक जोड म्हणजे उद्याची तक्रार. सव्वा ते दीड मीटर लांबीचे रूळ घ्या, वळणासाठी रूळ वाकवायचं रोलरचं यंत्र मागून आणा किंवा दोघांत मिळून घ्या. जोडांना नुसत्या सरकत्या पट्ट्यांपेक्षा स्क्रूने आवळणारे क्लॅम्प लावले की वीज वर्षानुवर्षं नीट जाते. पण मग दर काही मीटरवर एक जोड मुद्दाम सैल ठेवून, थंडीत रूळ टाकत असाल तर, दोन-तीन मि.मी.ची फट सोडा आणि तिथे वीज ओलांडायला लवचीक तार झाळून द्या.

रूळ पायावर ठेवल्यावर खरं कौशल्याचं काम सुरू होतं. स्लीपरांवर कच ओता, ब्रशने फटींत सारा. मग डाव्या हाताने रूळ केसभर वर उचलायचा आणि उजव्या हातातल्या चपट्या पट्टीने प्रत्येक स्लीपरच्या दोन्ही टोकांखाली कच ठासायची. मी जुन्या रंगाच्या ब्रशचा दांडा वापरतो, टोक तासून चपटं केलेला. स्लीपरच्या मधोमध ठासायचं नाही, नाहीतर रूळ तिथे मधल्या काठीवरच्या झोपाळ्यासारखा डुलतो. टोकांखाली भक्कम झालं की अंगठ्याने रूळ दाबून पाहा. दबला तर आत पोकळी आहे. मीटरभर जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ती लागू द्यावीत. शेवटी बारीक झारीने पाणी शिंपडा.

त्यानंतर दहा सें.मी.ची छोटी पाणसळ दोन्ही रुळांवर आडवी ठेवून हळूहळू पुढे सरकवा. दोन्ही रूळ किंचित एका अंगाला कललेले असले तरी गाडी चालते. पण वीस-तीस सें.मी.च्या आत बुडबुडा डावीकडून उजवीकडे गेला, तर रुळाला पीळ आहे. चार चाकांचा डबा अशा जागी तीन चाकांवर उभा राहतो, चौथ्याची कडा रुळावर चढते आणि डबा खाली. घसरण्यांमागे वेगापेक्षा हा पीळच जास्त वेळा निघतो.

मग तुमचा सगळ्यात हलका, सगळ्यात कुरकुऱ्या डबा घ्या आणि दोन बोटांनी पूर्ण लाइनवर ढकला, आधी सरळ, मग उलटा. डोळे मिटून ढकललात तर बोटांना जास्त कळतं. एकच डबा सगळीकडे पडत असेल तर दोष डब्याचा : चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर मोजा, ते साधारण ४० मि.मी. हवं. सगळे डबे एकाच जागी पडत असतील तर दोष रुळाचा.

सांधे ही पैसे खर्चायची पहिली जागा. आवळ वळणाचा स्वस्त सांधा आयुष्यभर त्रास देतो. मोठ्या त्रिज्येचे घ्या आणि सुरुवातीला हाताने बदलायचे ठेवा. बाहेरच्या मोटारी पाण्याने आणि मुंग्यांनी बिघडतात, आणि सांधेवाल्याचं काम करण्यात मजाही आहे.

वीज, बॅटरी की वाफ

रुळातून वीज देणं ही जुनी पद्धत. ट्रान्सफॉर्मर घरात किंवा पक्क्या छपराखाली, बाहेर फक्त कमी दाबाची डीसी वीज, २४ व्होल्टच्या आतली. घराच्या त्या लाइनवर गळती पकडणारा ईएलसीबी हवाच, यात तडजोड नाही. सुरुवातीच्या संचातला एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर एका छोट्या गाडीपुरता असतो. दिवे लागलेले डबे आणि दोन मोटारींचं इंजिन आलं की पाच अँपिअरचा विचार करा. लाइन लांब असेल तर दूरच्या टोकाला गाडी मंदावते, तिथे २.५ चौ. मि.मी.च्या जाड तारेने वेगळी वीज पोचवा. डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात, पण रूळ स्वच्छ ठेवायची कटकट तीच राहते.

बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल घेतलं की ती कटकट संपते. लिथियम-आयनच्या चार सेलची १४.८ व्होल्टची बॅटरी, संरक्षक सर्किटसह, इंजिनात किंवा त्याच्यामागच्या बंद वाघिणीत बसते. रूळ काळे पडोत, ओले असोत, वळसा उलट फिरून येवो, गाडीला फरक पडत नाही. हातात जुनी इंजिनं नसतील आणि लाइन वीस मीटरपेक्षा लांब असेल, तर मी आज बिनदिक्कत बॅटरीच निवडेन. जाताना चार्जिंगला लावायला विसरलात तर गाडी शेडमध्ये, एवढीच शिक्षा.

वाफेचं इंजिन मात्र सोयीसाठी कुणी घेत नाही. ब्यूटेन गॅसवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचा बॉयलर पुष्कळदा ४० पीएसआय दाबाच्या आसपास काम करतो. आधी इंजिनाच्या सगळ्या हलत्या जोडांना तेलाचा थेंब. मग ल्युब्रिकेटर, म्हणजे सिलिंडरला तेल पुरवणारी कुपी : मागच्या खेपेचं पाणी काढून त्यात घट्ट स्टीम ऑइल भरायचं. आत वाफ थंड होऊन पाणी होते, पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि तेवढं तेल वर ढकललं जाऊन सिलिंडरमध्ये जातं. एकही हलता भाग नसलेलं हे यंत्र मला अजून चकित करतं. मग सिरिंजने मोजून डिस्टिल्ड पाणी. गॅस सगळ्यात शेवटी, उघड्या हवेत, जवळ कुठेही ज्योत नसताना. चिमणीशी लायटर धरून गॅस हळूच उघडला की ज्योत फट् करून आत जाते आणि बारीक घुर्र आवाज सुरू होतो. पाच-सात मिनिटांनी सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो. पहिल्यांदा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी तोटी, उघडल्यावर इंजिन चालत नाही, चिमणीतून तेलकट पाणी थुंकतं. ते थंड सिलिंडरमधलं पाणी असतं. इंजिन हाताने मागेपुढे ढकला, दोन-चार पिचकाऱ्या उडतील आणि ते निघेल. चेहरा चिमणीवर आणू नका. गॅस पाण्याआधी संपेल अशी बहुतेकांची रचना असते. म्हणून पाणी न भरता नुसता गॅस पुन्हा भरून ‘अजून एक फेरी’ मारू नका.

डबे, झाडं, घरं

डब्यांना धातूची चाकं बसवा. ती जड असल्याने डबा खाली बसतो, आणि प्लॅस्टिकच्या चाकांसारखी घाण रुळांवर पसरवत नाहीत. जोडण्या सगळीकडे एकाच जातीच्या ठेवा. बाकी डब्यांची हौस ज्याची त्याची.

झाडांच्या बाबतीत हिशेब करा. पंधरा मीटरचं झाड १:२२.५ मध्ये ६७ सें.मी. होतं, म्हणजे साधं झुडूप तिथे वटवृक्षाचं काम करतं. उंचीपेक्षा पान बारीक असणं महत्त्वाचं, मोठ्या पानाचं झाड कितीही छाटलं तरी कुंडीतलंच वाटतं. जमिनीवर पसरणारी थाईम, सीडम, बुटके ज्युनिपर, जेडचं झाड, यांपैकी तुमच्या हवामानात जे जगेल ते निवडा आणि रुळापासून वीतभर लांब लावा. वेलींना रुळांचं फार प्रेम असतं. घरं आणि स्टेशन लाकडी प्लायची करू नका, दोन पावसांत फुगतात. खाली सपाट फरशी ठेवून वर बसवा आणि हिवाळी-पावसाळी उचलून आत नेता येतील अशी ठेवा.

रोजचं

रुळांवरून वीज देत असाल तर खेळण्याआधी लांब दांड्याला बांधलेला हिरवा घासणीचा पॅड फिरवा. स्टीलची काथ्यासारखी घासणी कधीही नाही, तिचे तुकडे मोटारीच्या चुंबकाला चिकटून मोटार मारतात. ओल्या सकाळी गोगलगाय रुळावरून चालत गेली असेल तर तिच्या चिकट वाटेवर इंजिन चाकं फिरवत बसतं. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी अर्धा तास तारा तपासत होतो. मुंग्या पायातली कच पोखरून बारीक मातीचे ढीग स्लीपरवर आणतात, ते ब्रशने लगेच झाडा. गाड्या रात्री बाहेर ठेवू नका.

आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तो कुरकुऱ्या डबा पुन्हा दोन बोटांनी पूर्ण लाइनवर ढकला. तो अडखळतो तिथे मी बांबूची काडी रोवतो आणि मग फावडं, कच, दांडा घेऊन काडी-काडीने निघतो. पहिल्या वर्षी सतरा काड्या लागल्या होत्या. यंदा तीन. त्यातल्या दोन एकाच सांध्यापाशी आहेत, तो आवळ वळणाचा स्वस्त सांधा, जो मी हौसेने पहिल्याच आठवड्यात घेतला होता आणि जो आता बदलायचाच आहे.